पायांना मार्क नाहीत

११ फेब्रुवारी

मावशी,

काल फोनवर तू सात वेळा "बरी आहे" म्हणालीस. मी मोजलं. मधेच काहीतरी फुटल्याचा आवाज आला, तेव्हा म्हणालीस मांजर. मावशी, तुझ्याकडे मांजर नाहीये.

म्हणून हे पत्र. आपण एक करार करू. फोनवर काय वाट्टेल ते बोल, पण अधूनमधून मला हाताने पत्र लिहायचं. सकाळी उठल्यावर, आणि वर वेळ टाकायची: बोटं पेन धरण्याइतकी मोकळी किती वाजता झाली ती. कागदावर तुला खोटं बोलता येत नाही. शाळेत माझ्या रजेची चिठ्ठी दिली होतीस, वर "पोटदुखी" आणि खाली "खरं तर हिला कंटाळा आलाय" असं लिहून. बाईंनी ती वर्गात वाचून दाखवली होती, मी विसरलेले नाही.

आता ऐक. मी ज्या ऑफिसात लागलेय ना, तिथे दिवसभर तुझाच आजार असतो. म्हणजे हाच, ऱ्हुमॅटॉइड, वयामुळे होतो तो संधिवात नाही. ज्यांना नुकताच सुरू झालाय अशा पाचशे जणांची स्टडी आहे. दवाखान्यांतून फॉर्म येतात, मी आकडे भरते, आणि आमच्या बाई, म्हणजे माझ्या बॉस, हे ठरवायच्या मागे आहेत की "रेमिशन" नेमकं कशाला म्हणायचं. रेमिशन म्हणजे आजार गेला असं नाही. झोपला. पण तो खरंच झोपलाय की डोळे मिटून पडलाय, हे मोजायचं कसं? मला हे इतकं भारी वाटतं ना!

चार गोष्टी असतात. सिस्टर अठ्ठावीस सांधे दाबून बघते: दुखतात किती, सुजलेत किती. मग रक्तातला सुजेचा आकडा. आणि शेवटी एक दहा सेंटिमीटरची रेघ. तिच्यावर पेशंटने स्वतः खूण करायची, डावीकडे शून्य म्हणजे मजेत, उजवीकडे दहा म्हणजे हाल. चारही गोष्टी एकवर किंवा एकच्या आत आल्या की पास!

सोबत मी काढलेला माणूस पाठवतेय. ठिपके अठ्ठावीस आहेत, मोजून घे. दोन खांदे, दोन कोपर, दोन मनगटं, दोन गुडघे आणि दोन्ही हातांच्या बोटांचे मिळून वीस. गुडघ्याखाली कागद संपला म्हणून पाय काढले नाहीत, पण काळजी नको, पायांना मार्क नाहीत. तुला फक्त ठिपक्यांकडे बघायचंय.

तुझी
भिंगरी


३ मार्च, सकाळी ९:५०

भिंगरे,

वेळ वर लिहिलीय. सहाला उठले होते. म्हणजे पावणेचार तास मी माझ्याच हातांची वाट बघत बसले. अक्षराला हसू नकोस, पेनाला कापड गुंडाळलंय.

फुटला तो कप होता. मांजर मला त्या क्षणी सुचलं, यापेक्षा बरं काही सुचलं नाही.

तुझा माणूस आरशाला चिकटवलाय. बिचाऱ्याला पाय नाहीत पण चेहरा हसरा काढलायस. रोज त्याच्याकडे बघून एकेक सांधा दाबते. आज सतरा दुखले.

बस चालवायला मनाई झाली, हे फोनवर सांगितलं नव्हतं. एकोणीस वर्षं चौदा नंबर चालवली, स्टेशनपासून टेकडीवरच्या हॉस्पिटलपर्यंत आणि परत. आता डेपोत हरवल्या-सापडल्याच्या खिडकीत बसते. छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे. एक कवळी आलीय, तीन आठवडे झाले, न्यायला कोणी येत नाही. तो माणूस जेवतो कसा देव जाणे. साहेब म्हणाले, स्पेशालिस्टचं पत्र आणा, आजार ताब्यात आहे असं, मग गाडी देतो. चांगला आहे माणूस, पण बोलताना माझ्या बोटांकडे बघतो.

तुझी आजी आठवते तुला? तू लहान होतीस. शेवटची सहा वर्षं ती कप दोन मनगटांच्या मध्ये धरून चहा प्यायची. बोटं सगळी एका बाजूला वळलेली, वाऱ्यात झाडं वळतात तशी. तेव्हा औषधं नव्हती, हे मला डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. तरी सकाळी मूठ मिटत नाही तेव्हा मला तो कपच दिसतो.

झोपतो म्हणतेस. मग जागा पण होत असेल ना?

मावशी


१४ मार्च

मावशी,

तुझं पत्र ऑफिसात जेवायच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच परत आणला.

होतो कधीकधी जागा. खोटं नाही सांगणार. पण तुझा लवकर पकडलाय, चार महिन्यांत, आणि आमच्या पाचशे जणांत लवकर पकडलेल्यांचंच सगळ्यात चांगलं चाललंय, मी रोज बघते. आठवड्यातून एकदाच घ्यायची ती गोळी असर दाखवायला दोन-तीन महिने घेते. चुकवू नकोस. दुसऱ्या दिवशी मळमळतं म्हणून तू ती "विसरतेस", आईने चहाडी केलीय.

आजीसारखं होणार नाही. मी हे सारखं लिहितेय कारण मला पण ते वाचायचंय.

सतरा हा आकडा मी माझ्या डायरीत लिहिलाय. आता तो कमी होताना बघायचाय. तुझा सांधा न् सांधा माझ्याकडे नोंदवलेला असणार.

भिंगरी


६ जून, सकाळी ७:३५

भिंगरे,

वेळ बघितलीस?

पेनाचं कापड काढलं. काल बरणीचं झाकण उघडलं, स्वतः, आणि मग उगाच परत लावून परत उघडलं. सिस्टरने मोजले तर दुखणारे तीन, सुजलेले दोन. ती हसत नाही कधी, पण फॉर्म भरताना भुवया वर गेल्या. रक्ताचा आकडा पण खाली आलाय. मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं, माझी भाची हेच काम करते, सगळं तिने शिकवलंय मला. ती म्हणाली, मग मी कशाला बसलेय इथे.

बाकी किरकोळ. त्या खिडकीत बसून बसून पाय सुजतात, बूट एक नंबर मोठे घ्यावे लागले. सकाळी जमिनीवर पाय टेकवला की तळव्याखाली खडे पसरल्यासारखे वाटतात. जिना मी खेकड्यासारखी उतरते, आडवी, कठडा धरून. खालच्या मजल्यावरची म्हातारी म्हणाली, अगं माझ्यापेक्षा हळू चाललीस. पण ते तुझ्या चित्रात नाही, म्हणून त्याचं काही लिहीत नाही.

साहेबांना विचारलं, चौदा नंबर कोण चालवतंय. म्हणाले, एक नवा आहे, वळणावर फार जोरात ब्रेक मारतो, लोक तक्रार करतात. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

मावशी


२० जून

मावशी!!

सतरावरून तीन! मी बाईंना सांगितलं, नाव न घेता, "एका पेशंटचं" म्हणून. त्या म्हणाल्या, तुझ्या डोळ्यांत पाणी येण्याइतका हा पेशंट जवळचा दिसतो. पकडले गेले.

खेकडा वाचून मी बसमध्ये एकटीच हसत होते, शेजारची बाई सरकून बसली. खिडकीत दर तासाला उठून चालत जा, बसून राहिल्यावर सगळ्यांचेच पाय सुजतात. आणि बूट नीट माप देऊन घे गं. माझ्या वेळी तू मला रद्दी पेपरवर उभं करून पेन्सिलने पाऊल आखायचीस, गुदगुल्या झाल्या तरी हलू द्यायची नाहीस, आणि तो कागद कापून दुकानात न्यायचीस. दुकानदार घाबरायचा तुला. स्वतःसाठी मात्र अंदाजपंचे.

अजून थोडंच राहिलंय. सप्टेंबरच्या तपासणीत तू पास होणार, लिहून ठेव.

भिंगरी


९ सप्टेंबर, सकाळी ६:१०

भिंगरे,

पास झाले.

दुखणारा एक, सुजलेला एकही नाही. रक्ताचा आकडा एकच्या आत. डॉक्टर म्हणाले रेमिशन, आणि तो शब्द पत्रात लिहून सही केली. असंच राहिलं तर पुढे गोळी कमी करू म्हणाले. मी ते पत्र दप्तरात ठेवलं, मग पर्समध्ये, मग ब्लाउजमध्ये. हरवल्या-सापडल्याच्या खिडकीत बसल्यापासून माझा कशावर विश्वास राहिलेला नाही.

सोमवारी, बावीस तारखेला, पहिली फेरी. सकाळची, सातची, चौदा नंबर.

एक सांगायचंय, तू हसशील. ती रेघ आली ना, दहा सेंटिमीटरची, तेव्हा माझा हात थांबला. सिस्टरला विचारलं, यात फक्त तुम्ही दाबलेत त्यांचंच धरायचं की सगळ्याचं? बाहेर रांग लागली होती. ती म्हणाली, तुम्हाला एकंदर कसं वाटतंय ते. आता एकंदर म्हणजे काय? मी तुझा ठिपक्यांचा माणूस आठवला. त्याच्या हिशोबाने मी मजेत होते. शून्याला चिकटून खूण केली. साहेबांनी गाडी द्यायची तर तिथेच करायला हवी होती, हेही डोक्यात होतं, कागदावर आहे म्हणून लिहिते.

तिने बूट काढायला सांगितलं नाही. मी पण काढले नाहीत.

आज मूठ मिटून बघितली. पूर्ण मिटते. तुझी आजी बघायला हवी होती.

मावशी


१८ सप्टेंबर

मावशी,

हे कुरिअरने पाठवतेय. शनिवारपर्यंत मिळेल असं त्यांनी शपथेवर सांगितलंय.

आज तीन वेळा फोन केला. तीनही वेळा तू म्हणालीस बरी आहे. पायांचं विचारलं तर म्हणालीस, पाय आहेत जागेवर. म्हणून लिहितेय, आणि तू कागदावरच उत्तर दे.

आमच्याकडे दोनशे बारा नंबरचा एक पेशंट आहे. शिक्षक आहे, एवढंच मला माहीत. पाच तपासण्या, पाचही वेळा सगळे आकडे एकच्या आत. मी स्वतः भरलेत. मला तो आवडायचा, कारण त्याची ओळ भरायला सोपी. काल त्याच्या पायांचे एक्स-रे आले. बोटांच्या बुडाशी हाडं कुरतडली गेलीत, मावशी. उंदराने खाल्ल्यासारखी. मी बाईंकडे धावत गेले, म्हटलं फॉर्म चुकलाय. त्यांनी शांतपणे एक्स-रे उजेडाला धरला. म्हणाल्या, फॉर्म बरोबर आहे, अठ्ठावीसमध्ये पाय नसतातच. झटपट मोजता यावं म्हणून ते सोडलेत. पाचशे लोकांचं औषध चालतंय का हे बघायला ते पुरतं. पण समोर एकच माणूस बसलेला असेल तर त्याला बूट काढायला सांगायचं असतं.

मला तुझ्या पत्रातलं बुटांचं वाक्य आठवलं.

घरी येऊन तुझी सगळी पत्रं काढली. तळव्याखाली खडे. एक नंबर मोठे बूट. जिना आडवी. सगळं तू लिहिलंयस, जूनमध्येच, आणि मी खेकडा वाचून हसले. तू मला नीट सांगितलंस आणि मी तुला सांगितलं की हे मोजायचं नसतं. मी पाय काढले नाहीत कारण कागद संपला होता. एवढंच कारण होतं. दुसरा कागद जोडता आला असता.

तू ब्रेक कोणत्या पायाने मारतेस, हे मला माहितीये.

डेपोचा नंबर शोधून ठेवलाय. दोनदा फिरवला आणि रिंग जायच्या आत बंद केला. तुझं तुलाच सांगू दे असं वाटतं, आणि मग हॉस्पिटलचा तो उतार दिसतो आणि हात परत फोनकडे जातो. मला कळत नाहीये मी काय करू. सोमवारी जाऊ नकोस. आधी सिस्टरकडे जा आणि तिने नाही सांगितलं तरी बूट काढ.

आणि हे मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून, चालायच्या आधी, कागदावर उभी राहा आणि पाऊल आखून मला पाठव. जिथे दुखतं तिथे फुली मार. मला आता चित्र काढायचं नाहीये, तूच काढ.

भिंगरी


२५ सप्टेंबर, सकाळी ६:०५

भिंगरे,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. वाचलं. घडी घातली. आणि सोमवारी गाडीवर गेले.

हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल. तुझा राग आला होता. सात महिने मी तुझ्या त्या माणसाकडे बघून रोज सांधे दाबले, आणि पेपर सुटल्यावर तू म्हणतेस अजून एक प्रश्न होता. रविवारी पाऊल आखलं नाही. मुद्दाम.

सोमवारी सगळे डेपोत भेटायला आले. मेकॅनिकने सीट पुसून ठेवली होती, म्हणाला, ताई, त्या नव्याने गिअरचा जीव घेतलाय, तुम्ही आलात, गाडी वाचली. स्टेअरिंग धरलं, भिंगरे, दहाही बोटांनी. स्टेशनपासून वरपर्यंत मजेत गेले. हॉस्पिटलला लोक उतरले, चढले. मग उतार.

तिथे खाली झेब्रा क्रॉसिंग आहे, तुला माहितीये. एक बाई व्हीलचेअर ढकलत निघाली होती. चेअरमध्ये म्हातारा, मांडीवर एक्स-रेचं पाकीट. मला दोघं लांबूनच दिसली. ब्रेकवर पाय टाकला आणि पंजाखाली तो खडा आला, सगळ्यात मोठा, आणि पाय माझा मला न विचारता वर उचलला गेला. किती वेळ? तू विचारशील. एक, दीड सेकंद. मला मोजता येत नाही. गाडी सुटली. मी डाव्या पायाने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, मागे कोणाची तरी पिशवी पडली.

व्हीलचेअरच्या चाकापासून वीतभरावर थांबले.

त्या बाईला काही कळलंच नाही. तिला वाटलं मी तिच्यासाठी थांबले. तिने हात वर करून माझे आभार मानले. म्हातारा पण हसला.

भिंगरे, ते दोघं रस्ता ओलांडून जाईपर्यंत मी बघत होते आणि मला एकच दिसत होतं, की हे कोणालाच माहीत नाही. गाडीत नाही, डेपोत नाही. पुढचा स्टॉप पाचशे मीटरवर होता. मी खरंच गिअर टाकला होता.

मग काढला. लोकांना सांगितलं, गाडी बंद पडलीय, मागून दुसरी येईल. गाडी एकदम चांगली होती. साहेबांना फोन करून खरं सांगितलं. त्यांनी कुठे आहात ते विचारलं. मग म्हणाले, बसा तिथेच, मी स्वतः येतो. आले, गाडी त्यांनीच खाली आणली, मी मागे पॅसेंजरसारखी बसले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा चौदा नंबरच्या खिडकीतून बाहेर बघितलं.

काल सिस्टरकडे गेले आणि दारातच बूट काढले. ती म्हणाली, अहो इथे नाही, आत. दाबून बघितलं, उजव्या पंजात चार, डाव्यात दोन. तिने फॉर्मवर जागा शोधली, नव्हती, मग समासात लिहिलं. म्हणाली, मी विचारायला हवं होतं. मी म्हटलं, मी सांगायला हवं होतं. ती रेघ परत मागितली. सातवर खूण केली. पेन यावेळी थांबलं नाही.

डॉक्टरांनी आधीचं पत्र परत घेतलं. एक्स-रेत उजव्या पायाच्या करंगळीच्या बुडाशी एक जागा आहे, मसुरीच्या दाण्याएवढी. त्यांनी पेनाचं टोक धरून दाखवली. अजून एकच आहे म्हणाले. औषध बदललंय, तीन महिन्यांनी परत बघायचं, पाय धरून. गाडी कधी, हे मी विचारलं नाही. उद्यापासून परत खिडकी. कवळी अजून तिथेच आहे.

तू डेपोला फोन केला नाहीस, हे बरं केलंस की वाईट, मला ठरवता येत नाही. वीतभर कमी पडली असती तर दोघींनाही ठरवावं लागलं असतं. तू पण यावर विचार कर.

सोबत उजवं पाऊल पाठवतेय. आज सकाळी, चालायच्या आधी, पेपरवर उभी राहून. फुल्या चार. टाचेपाशी रेघ तुटलीय बघ. हात चांगला होता, पेन्सिल पण चांगली होती. पाय तेवढा वेळ सपाट टेकवून ठेवता आला नाही. तुला हलू द्यायची नाही आणि मीच हलले.

तुझ्या माणसाच्या खाली जोडून घे. माप मोठं आहे, त्याला शोभणार नाही, पण जोड.

मावशी